तालुक्याच्या साप्ताहिकाचा संपादक-पुढारी: त्याचं चरित्र कागदांतून कसं उभं करायचं

खानदेशात बाजाराच्या गावी असा एक माणूस हमखास सापडतो. पुढच्या खोलीत छापखाना, मागे घर, ठरलेल्या वारी निघणारं चार पानी साप्ताहिक आणि नगरपालिकेत खुर्ची. जोर लागला तर पुढे लोकल बोर्ड, आमदारकी. त्याच्या पश्चात पत्र्याच्या पेटीत फायली उरतात. मग नातवंडांना किंवा गावातल्या एखाद्या शिक्षकाला वाटतं, यांच्यावर पुस्तक काढू या. पेटी उघडतात, अंक वाचतात आणि अंकांतूनच पुस्तक लिहितात. बहुतेक चरित्रं इथेच फसतात. पत्राचा मालक, संपादक आणि निवडणुकीचा उमेदवार एकच असेल, तर तो अंक म्हणजे त्या माणसाचा स्वतःचाच जबाब. जबाब वाचायचाच, पण साक्षीदार बाहेरून आणायचे. खालची सगळी खटपट त्यासाठी आहे.

आधी वर्षवही

पेटी उघडण्याआधी दोनशे पानी फुलस्केप वही घ्या. जन्मवर्षापासून मृत्यूपर्यंत दर वर्षाला एक पान. पानावर चार रकाने: सरकारी कागद काय म्हणतो, घरचे काय सांगतात, त्याचं पत्र काय म्हणतं, दुसऱ्याचं पत्र काय म्हणतं. चौथा रकाना बराच काळ कोरा राहील. राहू द्या. कोरा रकाना डोळ्यांसमोर असला की शोध चालू राहतो.

वहीत आधी प्रदेशाच्या खुणा घाला. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता आणि ठाणं धुळ्याला. १९०६ ला पूर्व खानदेश (जळगाव) आणि पश्चिम खानदेश (धुळे) असे दोन झाले. म्हणजे जळगाव, भुसावळ, चोपड्याकडच्या माणसाचा १९०६ पूर्वीचा जिल्हापातळीचा कागद धुळ्याच्या नावाखाली शोधायचा. १ नोव्हेंबर १९५६ ला द्वैभाषिक मुंबई राज्य, १ मे १९६० ला महाराष्ट्र. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा. त्याआधी जिल्हा लोकल बोर्ड. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला.

एवढ्या तारखांवर निम्म्या चुका पकडता येतात. ‘१९५२ साली महाराष्ट्र विधानसभेवर निवडून आले’ हे वाक्य चूक आहे, ती मुंबई विधानसभा होती. ‘१९५५ साली जिल्हा परिषदेचे सभासद’ हेही चूक. घरच्यांना दोष देऊ नका. माणूस जुनी गोष्ट आजच्या नावानं सांगतो. दुरुस्ती आपण करायची आणि त्यांचं मूळ वाक्य दुसऱ्या रकान्यात तसंच ठेवायचं.

नाव: सगळ्यात मोठा खड्डा

कागदावर नुसतं पाटील, चौधरी, महाजन किंवा शहा आढळलं तर ते आपलेच म्हणून उचलू नका. पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि मूळ गाव, तिन्ही जुळल्याशिवाय नोंद वहीत पक्की करायची नाही, तोवर पेन्सिलीनं. हाकेची नावं आणखी फसवतात. एकच माणूस घरात नाना, पेठेत आबासाहेब, पक्षात अण्णा. उलट एका गावात एकाच वेळी तीन अप्पा असतात. दत्तक गेलेल्या माणसाचं वडिलांचं नाव आणि कधी आडनावही मधेच बदलतं, म्हणून शाळेच्या दाखल्यावरचं नाव आणि नगरपालिकेच्या बुकातलं नाव दोन वेगळी माणसं वाटतात.

इंग्रजी कागदांत गावांची स्पेलिंगं जुनी असतात. धुळे हे ‘धुलिया’ म्हणून येतं. सूची चाळताना प्रत्येक गावाची निदान तीन रूपं शोधा.

फायली हाताळणं

अंक स्वस्त न्यूजप्रिंटवर छापलेले असतात. त्या कागदात लाकडाचा अंश आणि आम्ल राहतं, म्हणून तो पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. घडी उघडायची ती टेबलावर, दोन्ही हातांनी, खाली जाड पुठ्ठा सरकवून. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका. काही वर्षांत गोंद पिवळा होतो आणि अक्षरं घेऊन सुटतो. लॅमिनेशन तर अजिबात नको, ते परत काढता येत नाही. झेरॉक्सच्या काचेवर बांधलेली फाइल दाबली की पाठीचा कणा मोडतो.

फोटो काढा. खिडकीजवळ, पण थेट ऊन नको. मोबाइल स्टँडवर, पानाला समांतर, फ्लॅश बंद. एक माणूस पान उलटतो, दुसरा फोटो घेतो. एकट्यानं केलं तर पानं सुटतात. आधी पूर्ण पान, मग वरचा आणि खालचा अर्धा भाग वेगळा, कारण बारीक टाइपातल्या जाहीर नोटिसा पूर्ण पानाच्या फोटोत वाचता येत नाहीत. हिशेब असा: चार पानी साप्ताहिक, वर्षाला ५० अंक, म्हणजे २०० पानं आणि ६०० फोटो. मिनिटाला दोन फोटो धरले तर एका वर्षाच्या फायलीला पाच तास. फोटो ५ एमबीचा धरला तर वर्षाला ३ जीबी. फायलीला नाव देताना वर्ष-महिना-दिवस-पान हाच क्रम ठेवा, म्हणजे संगणक आपोआप ओळीनं लावतो. दोन वेगळ्या डिस्कवर प्रत ठेवा आणि एक डिस्क दुसऱ्या घरात.

गहाळ अंकांची यादी पहिल्याच दिवशी करा. ठरावीक महिने सलग गायब असतील तर ते वाळवीचं काम असेलच असं नाही. निवडणुकीचे महिने, कोर्टकचेरीचे महिने आणि भाऊबंदकीचे महिने पेटीतून काढून टाकलेले असतात.

अंकाची तारीख ठरवणं

शिरोभाग (पत्राचं नाव आणि तारीख असलेला वरचा भाग) फाटलेला अंक टाकून देऊ नका. किंमत पाहा. आणे असतील तर अंक साधारण १ एप्रिल १९५७ च्या आधीचा, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. ‘नवे पैसे’ असेल तर १९५७ ते १९६४ मधला. १९६४ पासून ‘नवे’ गळलं. १९५७ च्या बदलानंतर पहिले काही महिने आणे आणि नवे पैसे अशा दोन्ही किमती शेजारीशेजारी छापत, तेही उपयोगी पडतं.

शके दिलं असेल तर चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनापर्यंत ७९. शके १८६० च्या माघातला अंक १९३९ चा. पौष महिना बहुधा दोन इंग्रजी वर्षांत पसरतो, तिथे तारीख पाहिल्याशिवाय वर्ष लिहू नका. पेठेतल्या दुकानांच्या वह्यांत कार्तिकी संवत सापडतो: दिवाळी पाडव्यापासून डिसेंबरपर्यंत ५७ वजा, जानेवारीपासून आश्विन अमावास्येपर्यंत ५६ वजा.

वार आणि तारीख जुळतात का हे प्रत्येक अंकाला तपासा. न जुळण्याचं कारण बहुतेकदा साधं असतं. शिरोभागाचं मॅटर जुळवून तसंच ठेवलेलं असे, दर आठवड्याला फक्त तारखेचे खिळे (छपाईची धातूची अक्षरं) बदलत. म्हणून जानेवारीच्या पहिल्या दोन अंकांवर हटकून गेलं वर्ष राहून जातं. ‘वर्ष १२, अंक ७’ यावर तर मुळीच विसंबू नका. पत्र बंद पडून पुन्हा निघालं की कुणी मोजणी पुढे चालू ठेवी, कुणी पहिल्यापासून धरी.

शेवटच्या पानाची शेवटची ओळ

जाणकार आधी शेवटचं पान उघडतो. तळाशी एक ओळ असते: ‘हे पत्र मालक, मुद्रक, प्रकाशक श्री. अमुक यांनी तमुक प्रिंटिंग प्रेस येथे छापून तेथेच प्रसिद्ध केले.’ १८६७ च्या प्रेस कायद्यानं मुद्रकाचं नाव, छपाईचं ठिकाण आणि प्रकाशकाचं नाव छापणं सक्तीचं होतं आणि त्यासाठी मॅजिस्ट्रेटपुढे डिक्लेरेशन करावं लागे. नाव किंवा जागा बदलली की नवं डिक्लेरेशन. म्हणून ही ओळ अंकागणिक उतरवून काढा. ज्या आठवड्यात प्रकाशक म्हणून पत्नीचं किंवा धाकट्या भावाचं नाव येतं, त्या आठवड्याभोवती अटक, दिवाळं, आजारपण किंवा निवडणूक, यांपैकी काहीतरी घडलेलं असतं. संपादकीय लेख त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. ही ओळ लपवू शकत नाही.

१९५६ नंतरच्या काळासाठी आणखी एक कागद आहे आणि तो फारसा कुणी वाचत नाही: ‘फॉर्म नं. ४’. वृत्तपत्राच्या मालकीचं हे निवेदन दरवर्षी फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात छापावं लागे. प्रकाशनस्थळ, मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं, राष्ट्रीयत्व, पत्ते आणि भांडवलात एक टक्क्याहून जास्त वाटा असलेल्या भागीदारांची नावं त्यात येतात. मार्चचे पहिले अंक तेवढे बाजूला काढले तरी मालकीचा इतिहास ओळीनं समोर येतो. एखादा जिनिंगवाला किंवा अडत दुकानदार भागीदार म्हणून आला आणि पुढच्या वर्षी गेला, तर त्या दोन वर्षांतले कापसाच्या भावावरचे लेख पुन्हा वाचा.

छापखाना समजल्याशिवाय अंक समजत नाही

खिळे जुळवून छापण्याच्या काळात काय छापलं गेलं हे मतांइतकंच केसमधल्या (खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीतल्या) खिळ्यांवर अवलंबून असे. देवनागरीला काना, मात्रा, रफार, जोडाक्षरं धरून शेकडो वेगळे खिळे लागतात. डिग्री टाइपात तर वरच्या-खालच्या मात्रांसाठी वेगळी जुळणी करावी लागे. खिळेजुळारी एकेक ओळ स्टिकमध्ये (हातातल्या पट्टीत) भरी, ती गॅलीत (लांब तबकात) उतरवी, प्रूफ काढी आणि मग फर्मा (पानांची चौकट) बांधून ट्रेडलवर (पायानं चालणाऱ्या यंत्रावर) किंवा सिलिंडर मशीनवर चढवी. छापून झालं की खिळे सोडवून परत केसमध्ये, कारण पुढच्या अंकाला तेच लागत. घरी जुने ब्लॉक, लाकडी केस किंवा झिजलेले खिळे उरले असतील तर भंगारात जाण्याआधी त्यांचेही फोटो घ्या. टाइपाचा आकार मोजून ठेवा.

चार पानी अंकात कागदाच्या एका बाजूला १ आणि ४ ही पानं एकत्र छापतात, दुसऱ्या बाजूला २ आणि ३. जी बाजू शेवटी मशीनवर चढे तिथेच ताजी बातमी बसे. एखादी मोठी घटना दुसऱ्या पानाच्या लेखात नाही म्हणून ‘संपादकानं गप्प राहणं पसंत केलं’ असं लिहिणारे चरित्रकार आहेत. लेख घटनेच्या दोन दिवस आधी छापून झालेला असू शकतो. दोन्ही बाजूंची ताजी तारीख शोधून मगच गप्प बसल्याचा आरोप करा.

कोऱ्या जागेचंही तसंच. आणीबाणीत, म्हणजे जून १९७५ नंतर, पूर्वतपासणी होती आणि ‘आजोबांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली’ हे पुष्कळ घरांतून ऐकू येतं. अंक काढून पाहा. जागा खरंच कोरी आहे, की जाहिरातीचा ब्लॉक वेळेवर आला नाही?

पैसा कुठून आला

साप्ताहिक वर्गणीवर चालत नाही. ते जाहिराती आणि जॉबवर्कवर चालतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, बाजारपेठेची बिलं, निवडणुकीची पत्रकं. एका वर्षाचे अंक घ्या, दर अंकातल्या जाहिराती इंचांत मोजा आणि पाच गटांत टाका: सरकारी आणि कोर्टाच्या नोटिसा, नगरपालिका, जिनिंग-प्रेसिंग आणि अडत, सिनेमा व औषधं, शुभेच्छा. शुभेच्छांचा गट निवडणुकीआधीच्या दिवाळी अंकात फुगतो. तो गट नावांसकट उतरवा. पुढच्या मंडळींची यादी तिथे तयार मिळते.

नगरपालिका कायद्याप्रमाणे पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असलेला माणूस सभासद राहू शकत नाही. पालिकेच्या वृत्तपत्रातल्या जाहिरातीला त्यातून सूट आहे, छपाईचं काम मात्र कंत्राटच. म्हणून सभासद झालेल्या वर्षी छापखान्याच्या ओळीत नाव बदललं का आणि पालिकेचे फॉर्म कुठे छापले जात होते, या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. अशी अदलाबदल सापडली तर ती नुसती तारखेनिशी नोंदवा. विशेषणं लावू नका, वाचकाला कळतं.

राजकारणाचे कागद

नगरपालिकेचं प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांच्या कामकाजाची नोंदवही, हा पहिला साक्षीदार. ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक, विरोधात कोण, गैरहजर कोण. पत्रात ‘आम्ही पाणीयोजनेसाठी रणकंदन केले’ असं असतं आणि बुकात त्या सभेला साहेब गैरहजर असतात, हे नेहमीचं. नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज करताना ‘सर्व जुनी कागदपत्रे’ असं लिहिलं की उत्तर ‘उपलब्ध नाहीत’ असं येतं. सभेची तारीख किंवा निदान महिना-वर्ष द्या; तो पत्राच्या बातमीतून मिळतो.

निवडणुकीचे आकडे १९५१-५२ पासून निवडणूक आयोगाच्या अहवालांत मतदारसंघवार आहेत. दोन सापळे लक्षात ठेवा. १९५२ आणि १९५७ ला काही मतदारसंघ द्विसदस्य होते. एकाच मतदारसंघातून दोन नावं निवडून आलेली दिसली तर ती चूक नव्हे. आणि १९३७ किंवा १९४६ ची मतं १९५२ च्या मतांशेजारी ठेवून ‘लोकप्रियता वाढली’ म्हणू नका, कारण आधीचा मताधिकार मालमत्ता, सारा, शिक्षण अशा अटींनी बांधलेला होता. पडलेल्या निवडणुकाही लिहा. डिपॉझिट जप्त झालं असेल तर तेही.

तुरुंगवासाच्या कथा काळजीनं. ‘धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीता ऐकली’ असं सांगितलं, तर ती प्रवचनं २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात, दर रविवारी झाली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. आपला माणूस त्या तारखांना आत होता का, एवढं शिक्षेच्या कागदावरून ताडता येतं. नंदुरबारचा गोळीबार, ज्यात शिरीषकुमार गेला, तो ९ सप्टेंबर १९४२ चा. चिमठाण्याची खजिना लूट १९४४ ची. या दोन गोष्टी आठवणींत नेहमी एकमेकींत मिसळतात. आणि फैजपूर! डिसेंबर १९३६ चं ते पहिलं ग्रामीण काँग्रेस अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. आज जेवढ्या घरांतून ‘आमचे आजोबा तिथे स्वयंसेवक होते’ ऐकू येतं तेवढे स्वयंसेवक मोजले तर अधिवेशनाला प्रेक्षक उरत नाहीत. बिल्ला, पावती, फोटो किंवा त्या महिन्याच्या अंकातली नावांची यादी, काहीतरी मागा.

सरकारनं त्याला कसं पाहिलं

ब्रिटिश काळासाठी मुंबईचं महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार, फोर्टमधल्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं. तिथे देशी वृत्तपत्रांवरचे साप्ताहिक सरकारी अहवाल आहेत. धुळ्याचं ‘खानदेश वैभव’ किंवा जळगावचं ‘प्रबोध चंद्रिका’ अशी पत्रं त्यांत उल्लेखलेली सापडतात. अहवालासोबतच्या यादीत पत्राचं गाव, भाषा, वार, संपादकाचं नाव आणि खप दिलेला असतो. खपाचा आकडा बहुधा संपादकाच्याच तोंडचा, तेव्हा तो जास्तीत जास्त धरा. उतारे म्हणजे सरकारी अनुवादकानं सरकारला खुपणारं निवडून केलेलं इंग्रजी. त्याचं परत मराठी करून ते संपादकाचं वाक्य म्हणून अवतरणात घालणं हा अक्षम्य प्रकार आहे. मूळ अंक मिळाला तरच अवतरण, नाहीतर ‘अहवालाप्रमाणे मथितार्थ असा’.

सरकार छापखान्याकडून मागे त्या तारण रकमेच्या कथा १९१० च्या प्रेस कायद्याशी ताडून पाहा. त्यात नव्या छापखान्याकडून ५०० ते २००० रुपये आणि आधीपासून चालू असलेल्याकडून ५०० ते ५००० रुपये मागता येत. घरचे ‘पन्नास हजार भरले’ म्हणाले तर एक शून्य जास्त झालंय.

दुसऱ्याचं पत्र, म्हणजे चौथा रकाना, भरण्यासाठी धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आणि गरुड वाचनालय, जळगावचं वल्लभदास वालजी वाचनालय आणि प्रतिस्पर्ध्याच्या घरची पेटी. शेवटची सगळ्यात मोलाची. तिथे जाताना आपल्या माणसाची स्तुती करायला बसू नका. ‘तुमच्याकडचं पत्र वाचल्याशिवाय पुस्तक अर्धं राहील’ एवढंच सांगा. ते खरंही आहे.

मुलाखती

मुलाला शेवटी भेटा, खिळेजुळाऱ्याला आधी. मग अंक वाटणारा, टपालात टाकणारा, जाहिराती आणणारा, नगरपालिकेतला निवृत्त कारकून. ‘कसे होते?’ विचारलं की ‘देवमाणूस’ असं उत्तर येतं आणि मुलाखत तिथेच संपते. विचारा: अंक कोणत्या वारी मशीनवर चढायचा? कागदाचे रिम कुठून यायचे? पगार कधी थकला? कोणत्या बातमीवर भांडण झालं? अहिराणी बोलणाऱ्याशी अहिराणीतच बोला आणि टिपणही अहिराणीतच ठेवा. प्रमाण मराठी करताना चिडलेलं वाक्य सौम्य होऊन जातं. प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला नाव, गाव, तारीख आणि ‘छापायला हरकत नाही’ हे त्यांच्याच तोंडून घ्या.

लिहायला बसताना

प्रत्येक विधानामागे वहीतल्या निदान दोन रकान्यांचा आधार हवा. एकच असेल तर वाक्यात सांगा: ‘त्यांच्या पत्राप्रमाणे’, ‘कुटुंबात सांगतात’. दोन रकाने भांडत असतील तर दोन्ही छापा आणि आपला कौल एका ओळीत द्या. मृत व्यक्तीवरचं विधानही, नातेवाइकांना दुखावण्याच्या हेतूनं केलेलं असेल, तर बदनामी ठरू शकतं. म्हणून विरोधकांवरचे त्याचे अग्रलेख उतरवताना तारीख, अंक आणि विरोधकाचं उत्तर यांशिवाय उतरवू नका. लेखांच्या हक्कांसाठी लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांची मुदत मोजा; बाहेरच्या लेखकांचे लेख पत्राच्या मालकाचे झाले असं गृहीत धरू नका.

पुस्तक निघालं की फोटोंची एक डिस्क, वर्षवहीची झेरॉक्स आणि गहाळ अंकांची यादी एखाद्या जुन्या वाचनालयात पोच घेऊन ठेवा. यादीच्या वर मोठ्या अक्षरांत लिहा: ‘यातला अंक कुणाकडे असल्यास फोटोपुरता द्यावा.’ गहाळ अंक बरेचदा पुस्तक बाहेर आल्यावरच सापडायला लागतात.